घोड्याचा दाणा महागला आणि माणूस दोन चाकांवर बसला: कार्ल ड्राइसची गोष्ट

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. माझ्या मावसभावाला मुंबईहून आखातात कामावर परत जायचं होतं. बॅगा भरून झाल्या होत्या, वेब चेक-इन झालं होतं आणि निघायच्या काही तास आधी मोबाइलवर मेसेज आला: फ्लाइट रद्द. कारण होतं ज्वालामुखीची राख. मावशीने तर आधी सरळ खिडकीतून बाहेर पाहिलं. आकाश नेहमीसारखंच होतं. इथिओपियातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी २३ नोव्हेंबरला फुटला होता. त्याची राख तांबडा समुद्र ओलांडून, येमेन-ओमानवरून दुसऱ्या दिवशी आपल्या डोक्यावरून, खूप उंचावरून, गुजरात-राजस्थान-दिल्लीकडे सरकत होती.

त्याच रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकलं. त्यात म्हटलं होतं की सायकलचा शोध ज्वालामुखीमुळे लागला. मला वाटलं, आलं अजून एक फॉरवर्ड. असल्या गोष्टी खोडून काढायची मला जरा खोडच आहे, म्हणून मी शोधायला बसलो. एका रात्रीत संपेल असं वाटलेलं काम पंधरा दिवस पुरलं. रील पूर्ण खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. आणि मधे एक माणूस सापडला, ज्याचं यंत्र आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाने लहानपणी चालवलंय, पण ज्याचं नाव शाळेच्या पुस्तकात क्वचितच दिसतं. कार्ल ड्राइस. जर्मनीत मात्र त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं.

त्याच्याकडे जायच्या आधी आपल्याला इंडोनेशियात जावं लागेल, कारण गोष्ट तिथून सुरू होते.

तोफा समजले, निघाला डोंगर

सुंबावा नावाचं बेट आहे, जावाच्या पूर्वेला. बाली, मग लोंबोक, मग सुंबावा. तिथे तांबोरा नावाचा डोंगर उभा होता, अंदाजे ४,३०० मीटर उंच. ५ एप्रिल १८१५ ला त्याने पहिला मोठा आवाज केला. तेव्हा जावा बेट इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि स्टॅमफर्ड रॅफल्स तिथला लेफ्टनंट गव्हर्नर होता (हाच पुढे सिंगापूरचा संस्थापक म्हणून प्रसिद्ध झाला). जावातल्या लोकांना आवाज तोफांसारखा वाटला. कुठेतरी हल्ला झाला म्हणून योग्यकार्ताहून सैन्याची तुकडी निघाली, किनाऱ्यावरून कुणी जहाज संकटात आहे का बघायला होड्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी राख पडायला लागली तेव्हा उलगडा झाला.

खरा स्फोट १० एप्रिलला संध्याकाळी झाला. आवाज दोन हजार किलोमीटरहून लांब सुमात्रापर्यंत गेला. डोंगराचा माथाच उडाला. आज तांबोराची उंची साधारण २,८५० मीटर आहे आणि माथ्यावर सहा किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे. आपल्याकडे मोजलेल्या, नोंदवलेल्या इतिहासात यापेक्षा मोठा उद्रेक नाही. तापलेल्या राखेच्या आणि वायूच्या लोंढ्यांनी दहा हजारांच्या आसपास माणसं लगेच मेली. त्याहून कितीतरी जास्त नंतर मेली, कारण सुंबावा आणि लोंबोकवर शेतं राखेखाली गेली, पाणी खराब झालं, भूक आणि रोगराई आली. एकूण आकडा अभ्यासकांमध्ये वेगवेगळा सांगितला जातो, पण साठ हजारांच्या खाली सहसा कुणी येत नाही.

आता ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल लाव्हा येतो. सिनेमात तेच दाखवतात. पण लाव्हा फार लांब जात नाही आणि बहुतेक वेळा माणूस चालत त्याच्यापुढे पळू शकतो. राख त्याहून लांब जाते, पण तीही काही दिवसांत, आठवड्यांत खाली बसते. सगळ्यात लांबचा प्रवास करतो तो गंधक. तांबोराने अंदाजे सहा कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला, आणि तोही थेट स्ट्रॅटोस्फियरमध्ये. ढग आणि पाऊस याच्या बराच खाली असतात, त्यामुळे तिथे गेलेली गोष्ट पावसाने धुऊन निघत नाही. हा वायू तिथल्या पाण्याच्या वाफेशी मिळून गंधकाम्लाचे अतिशय बारीक थेंब बनवतो. थेंबांचा हा पडदा वाऱ्यांबरोबर अख्ख्या पृथ्वीभोवती पसरतो आणि वर्ष-दोन वर्षं सूर्याचा थोडा प्रकाश परत अवकाशात पाठवत राहतो. खाली पृथ्वी थंड होते. सरासरी अर्धा अंश, थोडं कमी-जास्त.

अर्धा अंश म्हणजे काय, एसीचं बटण एकदा दाबायचं, असं मलाही आधी वाटलं होतं. पण सरासरी ही फसवी चीज आहे. काही ठिकाणी काहीच फरक पडत नाही आणि काही ठिकाणी उन्हाळाच येत नाही. १८१६ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात जून महिन्यात बर्फ पडला. पश्चिम आणि मध्य युरोपात पाऊस थांबेचना. गहू शेतात कुजला, बटाटे सडले, द्राक्षं पिकली नाहीत. त्या वर्षाला पुढे उन्हाळा नसलेलं वर्ष असं नावच पडलं.

आणि गंमत बघा (गंमत म्हणायला जीभ धजत नाही, पण तरी), युरोपातल्या कुणालाच कारण माहीत नव्हतं. तांबोरा कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. कुणी सूर्यावरच्या डागांना दोष दिला, कुणी देवाच्या कोपाला. त्या थंडीचा आणि तांबोराचा संबंध शास्त्रज्ञांनी जोडला तो थेट विसाव्या शतकात, शंभर वर्षांनी. म्हणजे ज्या पिढीने हे सोसलं ती पिढी कारण न कळताच गेली. आपला ड्राइस त्यातलाच एक.

जंगलखात्याचा साहेब, ज्याचं मन जंगलात नव्हतं

कार्ल ड्राइसचा जन्म २९ एप्रिल १८८५ चा नव्हे, १७८५ चा (मी पहिल्या कच्च्या लेखात हीच चूक केली होती, म्हणून मुद्दाम लिहितोय). गाव कार्ल्सरूहे, नैऋत्य जर्मनीतल्या बाडेन या छोट्या राज्याची राजधानी. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हता, डझनावारी राज्यं होती. घराणं सरदाराचं, वडील न्यायाधीश आणि पुढे बाडेनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेले. मुलाला जंगलखात्यात चिकटवायचं ठरलं. पोराने जंगलाचं शिक्षण घेतलं, मधे हायडेलबर्गच्या विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र आणि वास्तुकलाही शिकला, नोकरीत अधिकारीही झाला.

पण डोकं यंत्रांत. शेवटी राज्याने त्याला पगारी रजेवर सोडलं की बाबा, तू तुझे शोध लाव. आजच्या भाषेत सांगायचं तर सरकारी पगारावर स्टार्टअप. आधी त्याने पियानोवर वाजवलेलं कागदाच्या पट्टीवर आपोआप उमटवणारं यंत्र केलं. मग १८१३ च्या सुमारास चार चाकांची एक गाडी केली, घोड्याशिवाय, आतल्या माणसाच्या पायांच्या जोरावर चालणारी. रशियाचा झार कार्ल्सरूहेला आला होता (त्याची बायको बाडेनची राजकन्या), त्यालाही ती दाखवली. नेपोलियननंतर युरोपचा नकाशा ठरवायला सगळे राजे व्हिएन्नात जमले, तिथेही हा आपली गाडी घेऊन हजर. लोकांनी पाहिली, कौतुक केलं, विकत कुणी घेतली नाही. बाडेनमध्ये पेटंटसारखा हक्क मागितला, तोही मिळाला नाही.

त्या काळात घोडा म्हणजे काय होता, हे नीट डोळ्यांसमोर आणायला हवं. घोडा म्हणजे बस, ट्रक, टपाल, रुग्णवाहिका, नांगर आणि रणगाडा. आणि घोड्याचं पेट्रोल म्हणजे ओट. आता तुमची बाइक पार्किंगमध्ये उभी असेल तर पेट्रोल पीत नाही. घोडा उभा असला तरी खातो. म्हणून ओटचा भाव वाढला की सगळी वाहतूक एकदम अडते.

१८१६ चं पीक गेलं आणि नेमकं हेच झालं. नैऋत्य जर्मनीत, म्हणजे बाडेन आणि शेजारच्या व्युर्टेंबर्गमध्ये, परिस्थिती सगळ्यात वाईट होती. नेपोलियनच्या युद्धांनी कोठारं आधीच रिकामी केलेली. धान्याचे भाव दुपटीच्या वर गेले. ब्रेड लहान लहान होत गेला. लोकांनी पिठात भुसा मिसळला, रानातला पाला उकडून खाल्ला. माणसालाच दाणा नाही तिथे घोड्याला कुठून? जनावरं विकली गेली, कापली गेली, मेली. हजारो कुटुंबं बोटीतून ऱ्हाईन नदीने खाली हॉलंडकडे आणि तिथून अमेरिकेला निघाली, नाहीतर डॅन्यूबने रशियाकडे. १८१७ च्या वसंतात उपासमार शिगेला पोचली होती.

आणि त्याच १८१७ मध्ये, १२ जूनला, गुरुवारी, मानहाइम शहरातून ड्राइस एका लाकडी यंत्रावर बसून बाहेर पडला.

पेडल नसलेली सायकल

दोन चाकं, एकामागे एक. मधे लाकडाचा दांडा, त्यावर गादी. पुढचं चाक हाताने वळवता येतं. वजन बावीस किलोच्या आसपास. चाकांना लोखंडी पट्टी, फिरण्याच्या जागी पितळ, मागच्या चाकाला दोरी ओढून लावायचा ब्रेकसुद्धा. पेडल नाही, चेन नाही. गादीवर बसायचं आणि दोन्ही पायांनी जमीन मागे रेटत पळायचं. वेग आला की पाय उचलायचे. त्याने नाव दिलं लाउफमशीन, म्हणजे पळायचं यंत्र.

मानहाइमहून श्वेत्झिंगेनच्या रस्त्यावरच्या घोडे बदलायच्या ठाण्यापर्यंत जाऊन तो परत आला. जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटर, तासाभराच्या आत. टपालाच्या घोडागाडीपेक्षा हे वेगवान होतं. पुढच्या महिन्यात गेर्न्सबाखहून डोंगर चढून बाडेन-बाडेनलाही गेला.

आता तुम्ही म्हणाल, पेडल नाही तर यात शोध कसला? शोध आहे तोल. त्याआधी माणसाने चाकं बनवली ती शेजारी शेजारी, कारण शेजारची दोन चाकं पडत नाहीत. एकामागे एक लावलेली दोन चाकं उभी राहतात, जर तुम्ही पडायच्या बाजूला हँडल वळवत राहिलात तर, हे कुणाला सुचलं नव्हतं. आपण सायकल शिकताना जो एक क्षण येतो, मागून धरणाऱ्याने हात सोडलेला असतो आणि आपल्याला माहीतच नसतं, तो क्षण ड्राइसने मागून धरणारं कुणी नसताना शोधला. बर्फावरच्या स्केटिंगवरून त्याला हे सुचलं असावं असा काही इतिहासकारांचा कयास आहे. पेडल तर पन्नासेक वर्षांनी, १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये लागलं. त्यासाठी तोल आधी यायला हवा होता.

एक तारीख सांगतो, जी बघून मी खुर्चीत सरळ बसलो. ड्राइस मानहाइमहून निघाला १२ जूनला. दुसऱ्याच दिवशी, १३ जून १८१७ ला, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांबरोबरच्या तहावर सही करावी लागली, ज्यात मराठा संघाचं प्रमुखपद गेलं. पाच महिन्यांत खडकीची लढाई झाली आणि शनिवारवाड्यावर परका झेंडा लागला. याचा ज्वालामुखीशी काय संबंध? थेट काहीच नाही. पण त्याच वर्षी बंगालमध्ये कॉलराची मोठी साथ उसळली, नोव्हेंबरमध्ये पेंढाऱ्यांवर निघालेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत तिने हजारो माणसं मारली आणि १८१८ मध्ये ती मुंबई इलाख्यातही पोचली. तांबोराने मोसमी पाऊस बिघडवला आणि त्यातून ही साथ बळावली, असं मांडणारे अभ्यासक आहेत. हे सिद्ध झालेलं नाही, ते मांडलं गेलंय. पण जर्मनीत जे भाकरीच्या रूपाने आलं ते आपल्याकडे वेगळ्या रूपाने आलं असेल, ही शक्यता मला सहज झटकता येत नाही.

मग रील खरं की खोटं?

हा मुद्दा इथेच उरकू. तांबोरा, उपासमार, घोड्यांची टंचाई आणि सायकल ही साखळी जोडली ती हान्स-एरहार्ड लेसिंग या जर्मन इतिहासकाराने. त्याच्या बाजूने बरंच काही आहे. वेळ जुळते, जागा जुळते. शिवाय ड्राइसच्या डोक्यात हा विचार आधीपासून होता: चार चाकांची गाडी दाखवताना त्याने युद्धाच्या काळात घोडे आणि चारा मिळत नाही हा मुद्दा पुढे केला होता. ओट महाग झाले की बिनघोड्याची गाडी, हे गणित त्याने मांडलेलंच होतं. विरोधात एकच गोष्ट आहे, पण ती मोठी आहे. १८१६ च्या दुष्काळामुळे मी हे यंत्र केलं, असं ड्राइसने स्वतः लिहिलेलं कुठे मिळालेलं नाही. म्हणून बरेच इतिहासकार याला सुंदर अंदाज म्हणतात, पुरावा म्हणत नाहीत.

माझं मत विचाराल तर, ड्राइस दुष्काळ नसता तरी काहीतरी चाकाचं करत बसलाच असता, ती त्याची प्रकृतीच होती. पण १८१७ च्या उन्हाळ्यात त्याच्या खेळण्याकडे लोकांनी वाहन म्हणून पाहिलं, याला रिकामे तबेले नक्कीच जबाबदार असावेत. म्हणजे रीलला मी दहापैकी सहा गुण देईन. संगीत मात्र भयानक होतं.

बंदी

जानेवारी १८१८ मध्ये बाडेनच्या ग्रँड ड्यूकने त्याला दहा वर्षांचा हक्क दिला, यांत्रिकीचा प्राध्यापक ही पदवी दिली, वर पेन्शन. फ्रान्समध्येही पेटंट झालं. यंत्र पसरलं, लंडनमध्ये तर एका गाडी बनवणाऱ्याने सुधारून शेकड्यांनी विकलं. ड्राइसला त्यातलं काही मिळालं नाही, कारण बाडेनचा हक्क बाडेनपुरता. सीमा ओलांडली की कुणीही नक्कल करावी. मोबाइलच्या डुप्लिकेट चार्जरवर चिडणाऱ्यांनी या माणसाचा विचार करावा.

खरा घाव रस्त्यांनी घातला. तेव्हाचे रस्ते म्हणजे घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी कापलेला चिखल. त्यात दोन चाकांवर तोल राहीना. मग लोक यंत्र घेऊन पायी चालणाऱ्यांच्या फरसबंद कडेवर चढले. चालणारे वैतागले. मानहाइममध्ये डिसेंबर १८१७ मध्येच, म्हणजे पहिल्या फेरीनंतर सहा महिन्यांत, फुटपाथवर बंदी आली. मग मिलान, लंडन, न्यूयॉर्क. १८२० मध्ये आपल्या कोलकात्यातही. दरम्यान १८१७ चं पीक बरं आलं होतं, पुढचीही बरी आली, ओट उतरले, घोडे परत आले. ज्या गरजेने लोकांना या यंत्राकडे वळवलं ती गरज संपली आणि उरली ती फक्त श्रीमंत पोरांची मजा आणि व्यंगचित्रं.

एका नकाराची किंमत

ड्राइसचं पुढचं आयुष्य वाचताना मला खरंच वाईट वाटलं. १८१९ मध्ये मानहाइममध्ये कार्ल झांड नावाच्या विद्यार्थ्याने कोट्झेबू या नाटककाराचा खून केला. खून राजकीय होता आणि तरुणांमध्ये झांड हीरो झाला. त्याला फाशी नको म्हणून खूप दबाव होता. ड्राइसचे वडील तेव्हा बाडेनचे वरिष्ठ न्यायाधीश. माफी मिळाली नाही, १८२० मध्ये झांडचं डोकं उडवलं गेलं. वडिलांवरचा राग मुलावर निघायला लागला. मुलाचा त्या निकालाशी काही संबंध नव्हता, उलट त्याची मतं वडिलांपेक्षा बरीच वेगळी होती, पण जमावाला एवढा तपशील कुठे लागतो. आज ट्रोलिंग म्हणतो ते तेव्हा समोरासमोर व्हायचं. शेवटी १८२२ मध्ये तो ब्राझीलला निघून गेला आणि पाच वर्षं तिथे जमीन मोजणीची कामं केली.

परत आला तरी हात थांबले नाहीत. ब्राझीलच्या आधीच त्याने पंचवीस कळांचं टाइपरायटर केलं होतं. नंतर भराभर लिहिण्याचं सोळा अक्षरांचं यंत्र केलं, कमी लाकडात चालणारी चूल केली, मांस दळायचं यंत्र केलं. रेल्वे आल्यावर रुळांवरून माणसाच्या जोरावर पळणारी गाडी केली. रूळ तपासणाऱ्या ट्रॉलीला युरोपातल्या बऱ्याच भाषांत आजही त्याच्या नावावरून ड्रेझिन म्हणतात. आपल्याकडे गँगमन ढकलतात ती ट्रॉली पाहिली असेल, तिचीच ही युरोपातली भावंडं.

पैसा मात्र कशातूनच आला नाही. दारूच्या गुत्त्यातल्या मारामारीनंतर दरबारी मान गेला. काही वर्षं तो ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्यात राहिला. मग आली १८४८-४९ ची क्रांती. बाडेनमध्ये राजाविरुद्ध लोक उठले आणि या सरदारपुत्राने वर्तमानपत्रात जाहीर करून आपली सरदारकी सोडली. यापुढे मी फक्त नागरिक कार्ल ड्राइस, असं कळवलं. प्रशियाच्या फौजांनी क्रांती चिरडली. त्यानंतर त्याला वेडा ठरवून कोंडायचा प्रयत्न झाला, बहिणींनी तो हाणून पाडला. पेन्शन मात्र क्रांतीचा खर्च वसूल करायच्या नावाखाली गेलं.

१० डिसेंबर १८५१ ला तो कार्ल्सरूहेमध्ये गेला, जवळपास कफल्लक. त्याच्या मरणानंतरही वर्षानुवर्षं त्याच्याबद्दल दारुडा, विक्षिप्त, अपघाताने शोध लागलेला माणूस असंच लिहिलं जायचं. त्याच गावात तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा वाढत होता, कार्ल बेंझ. पुढे त्याने पेट्रोलची मोटार बनवली आणि तीही मानहाइमच्याच रस्त्यावर पहिल्यांदा धावली. ड्राइसच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, सायकलची लाट आल्यावर, जर्मनीतल्या सायकलवाल्यांच्या संघटनांनी त्याला नव्या स्मशानभूमीत हलवलं आणि स्मारक उभारलं.

आज तांबोरा झाला तर?

हे लिहिताना मावसभाऊ दोनदा विचारून गेला की विमानाचा यात संबंध काय. राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे, ती बारीक काचेची आणि दगडाची पूड असते. जेट इंजिनात ती वितळते आणि पात्यांवर घट्ट बसते. १९८२ मध्ये जावावरच्या गालुंगुंगच्या राखेत एका जंबो जेटची चारही इंजिनं हवेत बंद पडली होती; खाली येता येता ती परत सुरू झाली म्हणून सगळे वाचले. आणि विमानाच्या रडारला पावसाचे थेंब दिसतात, कोरडी राख दिसत नाही. म्हणून आता जगभर नऊ केंद्रं उपग्रहांवर डोळे लावून बसलेली असतात आणि राख कुठे चाललीय ते सांगतात. २०१० मध्ये आइसलँडच्या राखेने युरोपात सहा दिवसांत सुमारे एक लाख फ्लाइट जमिनीवर बसवल्या. तो उद्रेक तांबोरापुढे फटाका होता.

गंधकावरही आता उपग्रहांची नजर असते. १९९१ ला फिलिपिन्समध्ये पिनाटुबो फुटला तेव्हा त्याचा ढग पृथ्वीभोवती फिरताना शास्त्रज्ञांनी रोजच्या रोज पाहिला, आणि जग अर्धा अंश थंड झालं. म्हणजे पुढच्या वेळी कारण शंभर वर्षांनी कळणार नाही, त्याच आठवड्यात फोनवर येईल. पण कारण कळलं म्हणून गहू पिकत नाही. तांबोराच्या तोडीचा उद्रेक या शतकात होण्याची शक्यता काही शास्त्रज्ञ सहात एक धरतात. फासा टाकून एक पडावा इतकी. तेव्हा लाव्हा आपल्या दारात येणार नाही. सह्याद्री हाच मुळात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, तो केव्हाच थंड झालाय; आणि आपल्या देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी दूर अंदमानात बॅरन बेटावर आहे. आपल्याकडे तो येईल किराण्याच्या बिलात, तेलाच्या डब्यात, लांबलेल्या पावसात. ड्राइसच्या गावातही तो बेकरीच्या दुकानातूनच आला होता.

परवा आमच्या सोसायटीत बहिणीने तीन वर्षांच्या भाचीसाठी ऑनलाइन सायकल मागवली. बॅलन्स बाइक म्हणतात. पेडलच नाही. माझे वडील संतापले, अर्धवट माल पाठवलाय, परत करा म्हणून. मी त्यांना समजावत बसलो की हीच खरी पहिली सायकल, दोनशे वर्षांपूर्वीची, एका जर्मन माणसाची, आणि मागे एक डोंगर फुटला होता वगैरे. त्यांनी अर्धं ऐकलं. तोवर भाची गादीवर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे रेटत पार्किंगमधून सुसाट फुटपाथवर निघाली होती, आणि गेटवरचे काका शिट्टी वाजवत तिच्या मागे धावत होते की इथे चालवायला परवानगी नाही.